एका छताखाली दोन पायाळू

विपुलचा चेहरा दिसण्याआधी वर्षालीला त्याची पाठ दिसली. आणि नजरानजर होण्याआधीच तिनं त्याला लाथ मारली.

लाथ म्हणजे तशी लाथ नव्हे हो! डाव्या पायाची टाच, कमरेवर, तीनदा, हळूच. पण प्रेमाची सुरुवात म्हणून सांगायला गेलं, की ऐकणारा आधी दचकतोच.

त्याचं असं झालं… मे महिना सरत आला होता. अमरावतीत त्या दिवशी दुपारपासून हवा अडून बसली होती. झाडाचं पान हलत नव्हतं. घराघरातून कूलर घोंगावत होते, पण थंडावा म्हणाल तर नावाला नाही. आणि पश्चिमेकडून, अकोल्याच्या अंगानं, काळ्या जमिनीच्या रंगाचं आभाळ हळूहळू वर चढत होतं. वर्षालीच्या आत्या, गोदाबाई, छतावरच्या कुरड्या गोळा करून नुकत्याच खाली उतरल्या होत्या, तोच फाटक वाजलं.

"गोदाबाई! अवो गोदाबाई! पोट्टी हाय का घरी?"

समोरच्या घरातली पार्बताबाई. तिच्या खांद्यावर हात टाकून एक उंच तरुण विळ्यासारखा वाकून चालत होता. तोंड जमिनीकडे, एक हात कमरेवर.

"हाय ना. काय झालं वो?" गोदाबाईंनी विचारलं.

"हा माह्या बहिणीचा पोरगा, विपुल. अकोल्याचा. माह्यासाठी नवा कूलर घेऊन आला न् जुना उचलाले गेला. पान्यानं भरलेला! कमरीत उसण भरली. पोट्टीले पाय लावाले सांगा वो."

आता हे पाय लावणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. मूल जन्मताना डोक्याकडून येतं. क्वचित एखादं पायाकडून येतं. त्याला आपल्याकडे पायाळू म्हणतात. पायाळू माणसाच्या पायाला गुण असतो. कमरेत उसण भरली की त्याची टाच लावून घ्यायची, उसण निघते, असं जुनी माणसं सांगतात. वर्षाली पायाळू होती. त्यामुळे लहानपणापासून गल्लीतल्या अर्ध्या कमरा तिच्या टाचेखालून गेल्या होत्या.

गंमत अशी, की मोठी होऊन ती फिजिओथेरपिस्ट झाली. घराच्या पुढच्या खोलीत तिनं टेबल मांडलं, शेक द्यायचं मशीन घेतलं, भिंतीला पाठीच्या कण्याचं चित्र लावलं. लोक यायचे, चित्र बघायचे, मशीन बघायचे, आणि म्हणायचे, "ते सारं बरोबर हाय बाई, पर तू तुहा पाय लाव ना."

त्या दिवशीही ती ओढणी खांद्यावर घेत बाहेर आली आणि डॉक्टरी आवाजात म्हणाली, "काकू, पाय-बिय काही नाही. त्यांना आत टेबलावर झोपवा. मशीनवर शेक देते."

आणि त्याच क्षणी लाईन गेली.

घरातला कूलर घरघरत थांबला. मग शेजारचा. मग साऱ्या गल्लीतले. इतकी शांतता झाली की पार्बताबाईच्या फाटकाशेजारच्या कडुनिंबावरचा कावळासुद्धा ओशाळला.

"घे," गोदाबाई म्हणाल्या. "मशीन गेलं. पाय हाय."

"आत्या, मी शिकली कशाले मग?"

"शिकली ते चांगलंच झालं. आता पाय लाव."

विपुलला उंबऱ्याशी पालथं झोपवलं गेलं. वर्षाली चप्पल काढून उभी राहिली. खालून, फरशीला गाल टेकवलेल्या माणसाचा आवाज आला—

"डॉक्टरबाई, एक विचारू? जोरात मारता का हळू?"

"माणूस पाहून मारते."

"मग आधी तोंड तरी पाहून घ्या ना."

"पाठीवरूनही माणूस कळतो."

"काय कळलं?"

"पाण्यानं भरलेला कूलर उचलणारा आहे, एवढं कळलं. शहाणा नाही."

खाली पडल्या पडल्या तो हसला, आणि हसताच कळ येऊन "आई गं—" म्हणाला. वर्षालीला हसू आवरेना. तिनं टाच लावली. एकदा… दोनदा… तिसऱ्या वेळी जरा जास्तच हळू. का, ते तिलाही कळलं नाही.

तो भिंतीला धरून उठू लागला. "थँक—"

"आभार मानाचे नाईत!" गोदाबाई कडाडल्या. "आभार मानले का उसण वापस येते."

"मग काय म्हणू?"

"काही नोको म्हनू. नीट उभा राह्य."

तो उभा राहिला. म्हणजे बऱ्यापैकी उभा राहिला. आणि आता पहिल्यांदा त्यानं समोर पाहिलं. सावळा, जरा दमलेला चेहरा. कपाळाला उंबऱ्याची धूळ. आणि डोळे असे, की जणू मघापासून त्यांनाच सगळं बोलायचं होतं. आभार मानायचे नव्हते, म्हणून तो नुसता पाहत राहिला. वर्षालीनं उगाच ओढणी सारखी केली.

तेवढ्यात वारा आला.

आला तो गल्लीभर धूळ उधळत, पत्रे वाजवत, कुणाची तरी बादली गडगडवत. पाठोपाठ टपोरे थेंब, आणि मग पाण्याची भिंतच. कडुनिंबाची मोठी फांदी कडाकडा मोडून विजेच्या तारेवर आली आणि तारेला घेऊनच खाली कोसळली. काळी तार गोदाबाईंच्या फाटकासमोर, साचत्या पाण्यात, आडवी पडून राहिली.

पलीकडच्या माडीवरून अब्दुल गफ्फार ओरडले, "कोई नीचे मत उतरो! तार गिरी है, तार!"

पार्बताबाई पदर खोचून निघालीच होती. "लाईन तं गेली हाय. तारीत काय राह्यते आता?"

विपुलनं मावशीचा हात पकडला. "मावशी, लाईन गेलेली असते न् मधेच येते पन. कोनाच्या घरचं जनरेटर चालू असलं तरी तारीत करंट येऊ शकते. जागची हलू नोको."

वर्षालीनं वीज कंपनीच्या तक्रार नंबरवर फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. शेवटी लागला. माणसं निघाली आहेत, पण शहरात ठिकठिकाणी झाडं पडलीत, वेळ लागेल, तोवर कोणी तारेजवळ जाऊ नका, असं उत्तर मिळालं.

"चला," गोदाबाई म्हणाल्या, "कोनी पायरी उतराची नाई. सारे आत."

वादळ आलं की गोदाबाईंचं घर एखाद्या किल्ल्यासारखं मिटायचं. मेन स्विच खाली. कूलरचा, फ्रिजचा, टीव्हीचा प्लग काढायचा. खिडक्या लावायच्या आणि त्यांच्या लोखंडी गजांपासून दूर बसायचं. नळाला हात नाही. पिण्याचं पाणी आधीच भरून ठेवलेलं. मेणबत्ती ताटलीत, पडद्यापासून लांब. फोन कामापुरता. आणि आरशावर टॉवेल. यातलं काय शहाणपणाचं आणि काय नुसतं जुनं, हे वर्षाली कधी निवडत बसली नव्हती. आणखी एक नियम फक्त तिच्यासाठी होता: मधल्या खोलीत, लाकडी दिवाणावर, पाय वर घेऊन बसायचं. वादळ सरेपर्यंत उठायचं नाही.

ती मुकाट्यानं जाऊन बसली. विपुल पाहत राहिला.

"डॉक्टरबाईंना शिक्षा झाली का काही?"

"शिक्षा नाही रे," पार्बताबाई म्हणाली. "पायाळू हाय ना ते. पायाळू मानसाले ईज शोधत येते म्हनतात."

विपुलनं मान वर केली. मग त्याच्या चेहऱ्यावर विचित्र हसू पसरलं. "मग मले पन जागा द्या दिवाणावर."

"काहून?" गोदाबाईंनी विचारलं.

"मी पन पायाळू हाय."

कच्च्या चिवड्यासाठी कांदा चिरणारा गोदाबाईंचा हात तसाच थांबला. "पार्बते! खरं हाय का हे?"

"अवो माय…" पार्बताबाईनं तोंडावर हात ठेवला. "हो ना वो. इसरलीच मी. माही बहीण तं दोन रोज दवाखान्यात अडली होती याच्या पायी."

वर्षालीला राहवलं नाही. "मग तुमचा स्वतःचाच पाय लावायचा ना!"

"करून पाहिलं डॉक्टरबाई. स्वतःच्या कमरेले स्वतःची टाच पुरत नाही. त्या नादात तर जास्त चमकली."

पार्बताबाई हसली, वर्षाली हसली. गोदाबाई हसल्या नाहीत. बाहेर लख्खकन वीज चमकली. त्यांनी आधी वर्षालीकडे पाहिलं, मग विपुलकडे, मग वर छताकडे.

"एका छताखाली दोन पायाळू," त्या पुटपुटल्या. "इजेले काय आवतन देता का? जा रे बाबू, तू सैपाकघरात बस. लांब."

अशी त्या संध्याकाळची वाटणी झाली. दिवाणावर वर्षाली, स्वयंपाकघराच्या दाराशी पाटावर विपुल, आणि मधून ताटल्या घेऊन ये-जा करणाऱ्या गोदाबाई. मेणबत्ती एकच. तिचा उजेड कधी इकडे जाई, कधी तिकडे. ज्याच्याकडे उजेड नसे, त्याला बोलायला धीर येई.

"तुम्ही काय करता अकोल्याला?" अंधारातून वर्षालीनं विचारलं.

"जुन्या शहरात दुकान आहे. कूलर बनवतो, विकतो. पावसाळ्यात मिक्सर दुरुस्त करतो." तो थांबला. "गिऱ्हाईकाला रोज सांगतो मी: आधी प्लग काढा, मग पाणी काढा, मग उचला."

"आणि स्वतः?"

"प्लग तर काढला होता…"

ती खुदकन हसली. चिवड्याची प्लेट दोघांमध्ये फिरली. शेंगदाणे, कच्चं तेल, हिरवी मिरची, कांदा. तिखटानं त्याच्या नाकात पाणी आलं, तेव्हा वर्षालीनंच तांब्या पुढे सरकवला.

मग बोलणं लहानपणावर आलं. दोघांचंही लहानपण खिडकीच्या आत गेलं होतं. शाळेत पाऊस आला की सारी पोरं मैदानात धावायची आणि विपुलला मास्तर बाकाखाली बसवायचे, कारण त्याच्या आजीनं येऊन तसं बजावलं होतं. "साऱ्या वर्गाला वाटायचं, मी भित्रा. मी भित्रा नव्हतो हो. मला फक्त कोणी बाहेर सोडत नव्हतं."

वर्षालीनं पाय आणखी जवळ घेतले. मग म्हणाली, "मी कधी गारा वेचल्या नाहीत."

"अं?"

"गारा पडल्या की मैत्रिणी मला वाटीत आणून द्यायच्या. पळत पळत आणायच्या बिचाऱ्या… पण अंगणातून इथवर येईपर्यंत वाटीत पाणीच उरायचं."

पाऊस छतावर कोसळत होता. मग तो हळूच म्हणाला, "आमच्याकडे पण वाटीच होती. जर्मनची."

बस्स, एवढंच. पण वर्षालीला वाटलं, आजवर आपल्याशी इतकं जवळचं कोणी बोललं नव्हतं.

ती गडबडून डॉक्टर झाली. "कंबर कशी आहे?"

"खरं सांगू? आत्याबाईंना सांगू नका. तशीच दुखते."

"माहीत आहे. फरशीवर पाठ टेकवून झोपा. आता एक गुडघा छातीशी घ्या. श्वास सोडा… दुसरा…"

"अगं माय!"

"काय झालं?" गोदाबाईंचा आवाज आला.

"काही नाही आत्या," वर्षाली म्हणाली, "माझा पाय नाही, माझं शिक्षण लागलं त्यांना."

दिवेलागण टळून गेल्यावर वीज कंपनीची माणसं आली. त्यांनी लाईन नीट बंद केली, तार उचलली, फांदी बाजूला ओढली. पार्बताबाई भाच्याला घेऊन निघाली. उंबऱ्यात विपुल थांबला.

"फी?"

"पायाची फी घेत नाही. व्यायामाची घेईन, पुढच्या वेळी."

"म्हणजे पुढची वेळ आहे," तो म्हणाला. आणि आभार न मानता, उसण पुन्हा येऊ न देता, पायरी उतरला.

पुढची वेळ पुढच्याच रविवारी आली. मग त्याच्या पुढच्या. मूर्तिजापूरवरून येणारी एसटी धुरळा उडवत यायची आणि विपुल हातात काहीतरी घेऊन उतरायचा. कधी कलमी आंबे, कधी वर्षालीच्या टेबलफॅनसाठी नवी जाळी. कंबर केव्हाच बरी झाली होती, पण हे दोघांपैकी कोणीच मोठ्यानं बोलत नव्हतं.

"अकोल्यात फिजिओथेरपिस्ट नाहीत का?" तिनं एकदा विचारलं.

"आहेत ना. पण सगळे डोक्याकडून जन्मलेले."

आता फोनवर 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं. "ऐक ना," तो म्हणायचा, "तुमच्या अमरावतीतून नवरी पळवून न्यायची रीत म्हणे कौंडण्यपूरच्या काळापासून आहे."

"तेव्हा देवाकडे रथ होता."

"माझ्याकडे तीनचाकी आहे. कूलर पोचवायची. मागे बसायला लागेल, पण हवा चांगली लागते."

"आणि रस्त्यात पाऊस आला तर?"

"तर दोघंही भिजू," तो एकदम हळू आवाजात म्हणाला. "एकदा तरी भिजू."

आषाढात पार्बताबाई रीतसर निरोप घेऊन आली. अकोल्याच्या घरून विचारणा होती. वर्षालीचे वडील रामराव अंजनगाव सुर्जीला शेतीत, त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं, "ताई म्हनन तसं." कारण वर्षालीला वाढवलं होतं ते गोदाबाईंनी, तिच्या आत्यानं. पोर अजून रांगत होती तेव्हाच त्या भावाला म्हणाल्या होत्या, "उघड्या वावराजवळ ही पोट्टी नोको. मले दे." आणि तिला कडेवर घेऊन अमरावतीला आल्या होत्या, पक्क्या घरात, लाकडी दिवाणावर.

त्या आत्यानं साऱ्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पोरगा चांगला हाय. मेहनती हाय. मले आवडते. पर नाई."

"काहून वो?" पार्बताबाई रडकुंडीला आली.

"दोन पायाळू एका छताखाली नांदवू? साऱ्या जिंदगीभर? नाई. माह्यात तेवढी हिंमत नाई."

वर्षालीला बोलता आलं असतं. विजेला माणसाचा जन्म कळत नाही, उंच झाड आणि उघडं रान कळतं, हे तिला शाळेपासून ठाऊक होतं. पण आत्याची भीती कुठून आली, हेही तिला ठाऊक होतं. गोदाबाईंचे यजमान सूर्यभानजी लग्नानंतर दोनच वर्षांत वीज पडून गेले होते. त्या दिवसाबद्दल त्या कधी बोलत नसत. घरात त्यांचा फोटो होता, त्याला हार होता, आणि ढग गडगडले की गोदाबाई त्या फोटोकडे पाठ करून बसत. त्यांना पुस्तकातलं विज्ञान कोण सांगणार?

"मी आत्याला दुखवून येणार नाही," त्या संध्याकाळी तिनं फोनवर सांगितलं.

"मी ये म्हणणार पण नाही," विपुल म्हणाला.

"मग?"

"मग काय… कंबर दुखत राहील."

तिला हसू आलं, आणि हसता हसताच रडू आलं.

रविवार रिकामे झाले. श्रावण गेला, पोळा गेला. विपुलनं आत्याबाईंचा शब्द तंतोतंत पाळला. त्या घराच्या छताखाली त्यानं पाऊल टाकलं नाही. पण परतीच्या पावसाचे दिवस लागले आणि एका दुपारी तो मावशीच्या फाटकाशी उभा दिसला. मावशी बाहेरगावी गेल्याचं आपल्याला माहीत नव्हतं, असं तो म्हणाला. वर्षालीनं ते खरं मानलं नाही, आणि तिला फार बरं वाटलं.

ती आपल्या वऱ्हांड्यात, तो गल्लीपलीकडे. मध्ये फाटक आणि ओली गल्ली.

"आत्या," तिनं विचारलं, "छताबाहेर उभा आहे तो. बोलू?"

गोदाबाई तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "बोल. बोलण्यानं ईज नाई पडत."

"बारीक झालास," वर्षाली गल्लीपलीकडे म्हणाली.

"तू पण. व्यायाम करतेस का?"

"डॉक्टर मी आहे. तू करतोस का?"

"रोज. दोन्ही गुडघे छातीशी. मग तिथंच मिठी मारून बसतो त्यांना… दुसरं कोण आहे?"

"चूप! आत्या ऐकते."

"ऐकून राह्यली," आतून आवाज आला.

तेवढ्यात, परतीच्या पावसाची खोड असते तसं, ऊन असतानाच गडगडलं. बघता बघता अंधारून आलं. घरातला पंखा फिरत फिरत थांबला. साऱ्या गल्लीची लाईन गेली, आणि पाऊस तिरपा कोसळू लागला. मावशीच्या दाराला कुलूप. विपुलनं इकडे तिकडे पाहिलं आणि चार पावलं मागे जाऊन कडुनिंबाच्या बुंध्याशी उभा राहिला.

बिचारा! पाऊस आला की घरात कोंबला गेलेला माणूस तो. बाहेर असताना कुठे उभं राहायचं आणि कुठे नाही, हे त्याला आयुष्यात कोणी शिकवलंच नव्हतं.

"झाडाखाली नको!" वर्षाली किंचाळली. "इकडे ये! आत ये!"

"आत्याबाईंचा शब्द आहे!"

"विपुल, वेड्यासारखं करू नको—"

"थांबतो थोडं! जाईल आता!"

आभाळ दुभंगल्यासारखी वीज कडाडली. वर्षालीनं चप्पलही घातली नाही. ती पायरीवर आली, पहिला थेंब तिच्या कपाळावर पडला, आणि मागून गोदाबाईंनी तिचा दंड धरला.

"कुठं चालली?"

"बाहेर. दोन पायाळू छताखाली नको ना आत्या? ठीक आहे. मग बाहेर उभे राहतो दोघं. तिथं तर छत नाही."

ती उद्धटपणे बोलली नाही. तिचा निश्चय झालेला होता. गोदाबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग तिच्या डोक्यावरून पलीकडे पाहिलं: पाऊस, झाड, आणि झाडाच्या बुंध्याला पाठ टेकून अंग चोरून उभा असलेला एक तरुण माणूस. किती वेळ पाहिलं कोण जाणे.

आणि मग, ढग वाजले की खिडकीलाही न शिवणारी ती बाई, पदर डोक्यावर घेऊन, अनवाणी, पायऱ्या उतरली. फाटक उघडलं. गल्ली ओलांडली. विपुलचं मनगट धरलं.

"अरे अक्कल हाय का तुले! झाडाखाली उभा राह्यते का कोनी इजेत? चाल! चाल म्हनते ना!"

"पण आत्याबाई, तुमीच म्हनलं होतं—"

"म्हनलं होतं! माह्यं म्हननं मोठं का तुहा जीव मोठा? चाल आत!"

त्याला ओढत त्यांनी वऱ्हांडा ओलांडला, खोली ओलांडली आणि थेट लाकडी दिवाणावर नेऊन बसवलं. मेन स्विच खाली केला. मेणबत्ती ताटलीत लावली. वर्षालीनं टॉवेल आणला. आरशावर टाकायचा तो टॉवेल तिनं त्याच्या डोक्यावर टाकला. तिघंही निथळत होती.

मग गोदाबाई फोटोकडे पाहत म्हणाल्या, "ते पायाळू नोते."

वर्षालीनं दचकून वर पाहिलं.

"डोक्याकडूनच आले होते, साऱ्यांसारखे. पानी आला म्हून आंब्याखाली उभे राह्यले. बोलावून आननारं वावरात कोनी नोतं." त्यांनी ओल्या पदरानं तोंड पुसलं. "मले ठाव होतं गं. पर भेवाले कारन लागते. तुहे पाय सापडले."

वर्षाली त्यांना बिलगली. गोदाबाईंनी तिला थोपटलं आणि मग नेहमीच्या करड्या आवाजात म्हणाल्या, "सरक तिकडे. पाय वर घे. तू बी घे रे." आणि दोघांच्या मधोमध त्या स्वतः मांडी घालून बसल्या. जणू विजेला म्हणत होत्या, यायचं तर आधी माझ्याशी बोल.

बराच वेळ पाऊस वाजत राहिला. मग विपुल खाकरला.

"आत्याबाई…"

"काय?"

"तुमच्या पोरीले एक विचारा ना. मी विचारलं असतं, पर मधात तुमी बसल्या."

"विचार. मी सांगते तिले."

"विचारा तिले… अकोल्यात पाऊस पाहाले येते का म्हनावं. जन्मभरासाठी."

गोदाबाईंनी डावीकडे मान वळवली. "येते का?"

"विचार आत्या, घरात बसून पाहायचा का भिजायचं?"

उजवीकडे मान. "काय रे?"

"गारा पडल्या तर दोघांनी खिडकीतून पाहाच्या," विपुल म्हणाला. "थांबल्या का बाहेर जाऊन वेचाच्या. वाटी नोको. हातातच घ्याच्या."

आत्याच्या पलीकडे वर्षालीला तो दिसत नव्हता, पण तो कसा पाहत असेल ते तिला दिसलं. "सांग त्याला," ती कशीबशी म्हणाली, "हो म्हणावं."

"ऐकलं मी," विपुल घाईनं म्हणाला.

"माह्या कानाजवळच बोलून राह्यली ते, मी बी ऐकलं," गोदाबाई म्हणाल्या. "पर माही एक अट हाय. छतावर ते इजेचं तांब्याचं असते ना… जमिनीत गाडतात त्याची तार. ते लावाचं. आधी ते, मग मांडव."

"पुढच्याच आठवड्यात लावतो आत्याबाई! इथं पन लावतो. मावशीकडे पन!"

"साऱ्या वऱ्हाडाले नोको लावत बसू. लग्नाची तारीख निंगून जाईन."

विपुल हसला, वर्षाली हसली, आणि कितीतरी दिवसांनी गोदाबाईही हसल्या. खिडकीच्या फटीतून वीज लख्ख चमकली. दोघांनी एकदमच आत्याकडे पाहिलं. गोदाबाईंनी छताकडे पाहिलं नाही. गुडघ्यावर हात ठेवून त्या सावकाश उठल्या.

"गॅसले काही लाईन लागत नाई," त्या म्हणाल्या. "चहा मांडते."

आणि मेणबत्ती घेऊन त्या स्वयंपाकघरात गेल्या. दिवाणावर अंधार झाला. दोघांच्या मधली जागा रिकामी राहिली.

फार वेळ नाही.